त्रेसष्ट नंबरचा बिल्ला

ते प्रकरण आठवलं की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. उठून ओसरीवर दोन फेऱ्या मारतो. मग आतून बायको म्हणते, "झालं, आलं वाटतं पुन्हा पाणी!" आमच्या घरात त्या प्रकरणाला 'पाणी'च म्हणतात. इतकी वर्षं पोलिसात काढली, दरोडे पाहिले, खून पाहिले, घाटात मालगाडीवर डल्ला मारणारे लोक पकडले. पण छाती धडधडली ती एका पाणी मंडळीच्या वहीमुळे, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. यात मी कुणाचंही नाव घेणार नाही. काही माणसं अजून हयात आहेत आणि त्यांना तोंड दाखवायचं आहे.

लढाईचे दिवस होते. मी लोणावळ्याला नवा फौजदार होतो, अंगात नको तितकी रग होती. कान्ह्याच्या बाजूला एक बाजारगाव आहे, तिथलं आऊटपोस्ट माझ्याकडे होतं. दोन खोल्या, एक जमादार, तीन शिपाई आणि एक सायकल. जमादार मावळातलेच, निवृत्तीला आलेले. मी तडतड करायचो आणि ते पानाला चुना लावत बसायचे.

त्या गावात लोकांनी सहकारी पाणी मंडळी काढली होती. नदीवर तेलाचं इंजिन, तिथून पाइपानं पाणी वर टाकीत, आणि टाकीखाली नळांची रांग. प्रत्येक सभासदाचा भाग आणि अनामत मंडळीकडे जमा असे. त्याबदल्यात त्याला नंबर घातलेला पितळी बिल्ला मिळे. बिल्ला दाखवायचा, चार हंडे भरायचे. वर्षाअखेर खर्च भागून उरलेले पैसे सभासदांच्या नावावर पडत.

आता सभासद म्हणजे कोण? कुणी रेल्वेतला, त्याची बदली होई. कुणी मुंबईला गिरणीत जाई, कुणी पलटणीत भरती होई, कुणी मरे. त्यांचे पैसे मंडळीत तसेच पडून राहत. त्यांची एक वेगळी वही होती, न उचललेल्या रकमांची. दर वर्षी सभेत मारुतीच्या पारावर ती वही मोठ्यानं वाचत. एक एक नाव पुकारायचं, आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "भुसावळला!" "मुंबईला, करीरोडला!" "देवाघरी!" जे उत्तर येईल ते चिटणीस नावासमोर लिहून घेई. उत्तर आलं की पैसे सुरक्षित. तीन वर्षं लागोपाठ उत्तर आलं नाही, तर रक्कम राखीव निधीत जमा. त्याआधी वारस आला, जबाब दिला, ओळख पटवली, तर त्याला मिळे. व्यवस्था चांगली होती. मला तर फारच आवडली होती, मी डी. एस. पी. साहेबांना कौतुकानं सांगितलीही होती.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी डायरी लिहीत होतो, तर इंजिनवाले चाचा दारात येऊन उभे राहिले. तेलकट सदरा, डोक्याला रुमाल, आणि हातात त्रेसष्ट नंबरचा पितळी बिल्ला. मंडळी सुरू झाल्यापासून इंजिन तेच चालवत. गावातला प्रत्येक हंडा ते ओळखत असतील.

"साहेब," ते म्हणाले, "मला चिटणीसांनी यादी दिलीय. रद्द झाल्यालं बिल्लं. त्यात ह्यो हाय. म्हंत्यात सभासद मयत, पैसं त्याच्या बायकोनं नेलं, बिल्ला जमा करून घ्या."

"मग घ्या. त्यात पोलिसांचं काय काम?"

"त्याची बायको रोज माज्या नळावर पाणी भरती, साहेब. तिनं एक पै न्हाई नेली. आन् तो मयत कसा? ह्यो पाइप आमी दोघांनी मिळून टाकलाय. पलटणीत फिटर म्हणून गेला. सिंगापूर पडल्यापास्नं पत्र न्हाई, ते खरं. पर मेल्याचा कागद बी न्हाई."

त्यांच्यामागे भिंतीला टेकून ती उभी होती. पंचविशीची असेल. हातात हिरव्या बांगड्या, कडेवर रिकामा हंडा. मी तिला आत बोलावलं, दौत पुढे ओढली आणि फिर्याद लिहायला घेतली. पहिलाच प्रश्न, "नवऱ्याचं नाव?"

ती गप्प. पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली. माझं डोकं सटकलं. "अहो बाई, नवऱ्याचं नाव सांगता येत नाही आणि तक्रार करायला आलात? मंडळीतही असंच केलंत का?"

"व्हय," ती हळूच म्हणाली. "मयत लिवल्यालं कळल्यावर दोनदा गेलते. त्यांनी नाव इचारलं. म्या बिल्ला दावला. ते म्हनले, नाव सांगता येत न्हाई तर बायको कशावरनं? भाईर काढलं."

जमादारांनी पान तोंडात टाकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या मास्तरांची आठवण झाली. "साहेब, ती कशी सांगंल? चाचा, तुमी सांगा नाव. लिहा साहेब."

मला शरम वाटली. मी काही परमुलखातून आलो नव्हतो. माझ्या आईनं उभ्या जन्मात वडिलांचं नाव तोंडानं घेतलं नाही, सरकारी कचेरीत कुणी विचारलं की मला पुढे करायची. आणि मी इथे टेबलामागे बसून या बाईवर गुरकावत होतो.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहीत 'मयत' लिहिलंय ही बातमी गावात पसरली होती. तिकोणा पेठेकडची तिची भावकी येऊन बसली होती. वहीत लिहिलंय म्हणजे काहीतरी कागद आला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. येत्या अमावास्येला त्याचे दिवस घालायचे, आणि हिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं.

"मी न्हाई फोडायची," ती म्हणाली. एवढा वेळ खाली बघणारी बाई आता सरळ माझ्याकडे बघत होती. "कुनी बगितलं त्यांना मरताना? वहीनं बगितलं?"

अमावास्येला पंधरा दिवस होते.

त्याच दुपारी मी मंडळीच्या कचेरीत गेलो. इंजिनघराला लागून एक खोली, तीच कचेरी. चिटणीस लोणावळ्याला राहत, फक्त बाजारच्या दिवशी आणि कामापुरते येत. पांढरं स्वच्छ धोतर, काळी टोपी, मोत्यासारखं अक्षर. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी मागायच्या आधी सगळे कागद पुढे ठेवले. अर्ज, विधवेचा जबाब, कमिटीतल्या एका सभासदाची सही, पावतीवर डाव्या हाताचा अंगठा. गेल्या दोन वर्षांत असे सात दावे झाले होते, सातही पैसे विधवांनी नेले होते. सगळं चोख. आमच्या ठाण्यातसुद्धा इतके नीट कागद नव्हते.

"त्रेसष्ट नंबरची बाई कुरवंड्याची म्हणून आली होती," चिटणीस म्हणाले. "फौजदारसाहेब, मी खात्री केल्याशिवाय पैसे देत नाही. आमच्या ऑडिटरनं एकदा शेरा मारला होता, की वारसाची ओळख पक्की करा. तेव्हापासून मी फार जपतो. आता नळावर भांडणाऱ्या बायकांचं किती मनावर घ्यायचं?"

खरं सांगतो, मी फसत होतो. मनात म्हटलं, नवऱ्यानं कुरवंड्याला दुसरं लग्न केलं असेल, हिला माहीत नसेल. असे संसार मी पाहिले होते. मी कागद पोचपावती देऊन ताब्यात घेतले आणि परत आलो. संध्याकाळी जमादारांना ते जबाब वाचून दाखवू लागलो. प्रत्येक जबाबाच्या शेवटी चिटणीसांनी एक वाक्य मुद्दाम घातलं होतं. "अर्जदार बाईने मयत पतीचे नाव विचारता ते स्वतःच्या तोंडाने स्पष्ट व बिनचूक सांगितले."

जमादारांचा चुना लावणारा हात थांबला. "परत वाचा."

मी वाचलं.

"दुसरा जबाब?"

त्यातही तेच. तिसऱ्यातही. सातही जबाबांत तेच वाक्य, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

जमादार हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "सात बाया, साहेब! साती मावळातल्या! आन् सातींनी नवऱ्याचं नाव परक्या मानसाफुडं घडाघडा घेतलं? बत्तीस वर्सं जबाब लिवतोय मी. खुनाच्या खटल्यात बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई, शेजारनीला सांगावं लागलं. आन् ह्या साती?"

बसल्या जागेवरून मी असा उठलो की दौत कलंडली. ऑडिटरला खूश करायला त्या शहाण्या माणसानं पुरावा घट्ट केला होता, आणि तोच त्याच्या गळ्याशी आला होता. सात बायका नव्हत्याच. कोणाच्याच बायका नव्हत्या त्या. आणि त्यानं नेमकी तीच नावं निवडली होती ज्यांच्यासमोर सभेत उत्तर आलं नव्हतं. बाकीच्या सहाजणांना विचारणारं खरंच कुणी नव्हतं. पण त्रेसष्ट नंबरला होतं. नवऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा ती टाकीच्या भिंतीमागे बायकांत उभी होती. तीनशे पुरुषांसमोर ती काय म्हणून ओरडणार? घरात दुसरा पुरुष नाही, आणि चाचा सभेच्या वेळी नेहमी इंजिनाशी अडकलेले. जागा कोरी राहिली, आणि चिटणीसांना वाटलं कुणीच नाही. नळावर ते कधी फिरकलेच नव्हते, नाहीतर चार हंड्यांत कळलं असतं.

पण कोर्टात 'बायका नाव घेत नाहीत' एवढ्यावर कुणाला शिक्षा होत नाही. वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. अंगठे तपासायला पुण्याला पाठवले, पण तिथून उत्तर यायला महिना लागायचा. माझ्या हातात पंधरा दिवस होते. बाई रंगेहाथ सापडायला हवी होती.

युक्ती चाचांची. तीन दिवसांनी मंडळीची सभा होती, वही वाचली जाणार होती. चाचांचा एक दोस्त रेल्वेत गँगमन, एकटा जीव, वर्षापूर्वी कर्जतला बदलून गेलेला. त्याचे पैसे पडून होते, नाव यंदा पहिल्यांदा वहीत चढलं होतं. "त्याचं नाव घेतल्यावर कुनी बोलायचं न्हाई," चाचा म्हणाले. "जागा कोरी ऱ्हाउ द्या. मग बगू या कोन ईधवा येती ती."

सभेच्या दिवशी मी पारावर पाहुणा म्हणून बसलो होतो. चिटणीस खणखणीत आवाजात वाचत होते. "भुसावळला!" "देवाघरी!" "ठाण्याला हाय, गेल्या म्हैन्यात भेटला!" गँगमनचं नाव आलं. सगळं शांत. इतक्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा हात वर करून उठू लागला. त्याचं तोंड उघडलं, 'क' निघणार, तोच त्या दिवशी मुद्दाम इंजिन बंद ठेवून शेजारी बसलेल्या चाचांनी पानाचा अख्खा विडा त्याच्या तोंडात कोंबला! म्हातारा डोळे वटारून चावत बसला. चिटणीसांनी दोनदा पुकारलं, चष्म्यावरून सभेकडे बघितलं आणि पुढच्या नावावर गेले. मी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला.

त्यानंतर जमादारांनी चहा पिता पिता चिटणीसांच्या कानावर घातलं, साहेबांनी त्या नळावरच्या बाईची तक्रार निकालात काढली, आणि तो गँगमन पटकीत गेला म्हणे, मागं कुणी नाही बिचाऱ्याला. चिटणीस म्हणाले, "अरेरे."

पहिला बाजारचा दिवस आला. कचेरी आणि इंजिनघर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. तिच्यामागे तेलाच्या डब्यांत मी, दोन पंच आणि गँगमन सकाळपासून बसलो. दिवस मावळला, कुणी आलं नाही. कपड्यांना तेलाचा वास, पाठीला कळ, आणि मनात भलभलते विचार. त्याला सुगावा लागला की काय? परतताना नळाजवळ ती बाई दिसली. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुसरा बाजार अमावास्येच्या आदल्या दिवशी. एवढा एकच दिवस उरला होता. आम्ही पुन्हा डब्यांत. कचेरीत चिटणीस आणि कमिटीतले एक वयस्क आबा, ज्यांची सही लागायची. आबा भिंतीला टेकून पेंगत होते. साडेअकराच्या सुमाराला बाहेर बांगड्यांचा नव्हे, नुसता चपलांचा आवाज आला. पांढरं कपाळ, डोक्यावरून पदर, एक बाई आत आली.

"काय काम आहे, बाई?" चिटणीसांनी विचारलं. जणू जन्मात पाहिली नव्हती.

"मालक वारले. मंडळीत पैसं हायेत म्हनं."

"नाव काय तुमच्या मालकांचं?"

आणि तिनं गँगमनचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एका दमात सांगितलं. जराही अडखळली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या पंचानं माझा दंड इतका घट्ट धरला की रात्री वळ दिसला.

मी थांबलो. जबाब लिहून झाला, अंगठा उमटला, आबांना जागं करून सही घेतली, नोटा मोजून तिच्या हातात पडल्या. मग मी गँगमनला कोपरानं ढोसलं.

तो आत गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "रामराम! आमी मेलो कवा, ते तरी सांगा की!"

आबांनी किंकाळी फोडली. बाईच्या हातातल्या नोटा जमिनीवर पसरल्या. चिटणीसांचा चेहरा मात्र क्षणभरच उतरला. मी पुढे होताच ते उठून म्हणाले, "बरं झालं आलात, फौजदारसाहेब! बघा, मलासुद्धा फसवत होती ही. पकडा हिला!"

काय माणूस होता! मनातल्या मनात मी हात जोडले. पंचनामा केला, नोटा मुद्देमालात घेतल्या आणि दोघांनाही आऊटपोस्टला आणलं. पण मला ठाऊक होतं, बाई बोलली नाही तर हा सुटणार. कागदावर तोही फसलेलाच दिसत होता.

बाई बोलेना. "मी त्यांची बायको. ते वारले." बस. तोच पाठ, तेच शब्द, तीनदा. गँगमन समोर उभा असूनही तेच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, सांगायला लाज वाटते पण तुरुंगाची भीतीही घातली. काही उपयोग झाला नाही. जमादारांनी तिला चहा दिला, तो तिनं घेतला, आणि पुन्हा तोच पाठ.

मी बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. तेव्हा मला पहिल्या दिवशीची ती दुसरी बाई आठवली, भिंतीला टेकलेली, खाली बघणारी. मी परत आत गेलो, खुर्ची ओढून बसलो आणि आवाज खाली आणला.

"बरं, ते राहू द्या सगळं. आता एकच सांगा. तुमच्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव काय?"

ती बोलायला गेली आणि थांबली. हात आपोआप पदराकडे गेला. मान खाली. मी वाट पाहिली. बाहेर इंजिनाची टकटक ऐकू येत होती.

"जमादार, लिहा," मी म्हणालो. "बाईनं आठ परक्या पुरुषांची नावं नवरा म्हणून घेतली. स्वतःच्या नवऱ्याचं नाव विचारलं असता गप्प राहिली."

"नका," ती म्हणाली. "नका घ्यायला लावू साहेब. त्येंचं नाव ह्यात नका आनू. लोनावळ्यात पडून हायेत, एक अंग गेलंय."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"व्हय."

"आणि कपाळ पुसून येता?"

ती ढसाढसा रडायला लागली. मी तिला सांगितलं, "तुम्ही ज्यांचे पैसे नेलेत त्यात एकाची बायको इथे नळावर आहे. तुमच्या अंगठ्यामुळे तो वहीत मेलाय. उद्या सकाळी तिच्या बांगड्या फोडणार आहेत."

तिनं मान वर केली. "त्यांनी सांगितलं, मेल्याल्यांचंच पैसं हायेत, कुनाचं काय जातंय? कुनी इचारनारं न्हाई म्हनले. मी त्यांच्या घरी भांडी घासते, साहेब. दर येळंला पाच रुपये देत. नावं त्यांनीच पाठ करून घेतली माज्याकडनं, वसरीवर बसवून." आणि मग सगळं बाहेर आलं, सातही वेळांचं, कोणत्या बाजारी, कोणतं लुगडं नेसून. शेजारच्या खोलीत चिटणीस बसले होते. त्यांना तिचा जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यांची बोबडी वळली. मोत्यासारख्या अक्षराच्या माणसाला स्वतःची सहीसुद्धा धड करता येईना.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाई माफीची साक्षीदार झाली. पुण्याहून उत्तर आलं, सातही पावत्यांवर एकच अंगठा. चिटणीसांना शिक्षा झाली. पण दुसऱ्या दिवशी मला त्यातलं काहीच सुचत नव्हतं. अमावास्या उजाडली होती!

आरोपींना रात्रीच लोणावळ्याच्या ठाण्यात न्यावं लागलं होतं, म्हणून सकाळी तिथून पंचनाम्याची नक्कल खिशात घालून मी सायकल अशी हाणली की गावाजवळच्या चढावर चेन निसटली. ती तशीच झुडपात टाकून पळालो. फौजदार गणवेशात धावतोय हे बघून लोक घराबाहेर आले. तिच्या अंगणात भावकी जमली होती. न्हावी बसला होता, मधोमध पाटा ठेवला होता, आणि दोन म्हाताऱ्या तिचे दंड धरून तिला बसवू पाहत होत्या. ती रडत नव्हती. हात पोटाशी घट्ट आवळून उभी होती.

"थांबा!" मी ओरडलो. दम इतका लागला होता की पुढचं बोलता येईना. कागद नुसता हलवत राहिलो. मागून चाचा आले, त्यांनी कागद घेऊन थोरल्या म्हाताऱ्याला समजावून सांगितला. वहीतलं खोटं आहे. पैसे चोरानं नेले. मेल्याचा कागद कुठेच नाही.

म्हाताऱ्यांनी तिचे दंड सोडले. ती माझ्यासमोर आली.

"म्हंजे वहीतलं खोटं?"

"खोटं."

"मग हायेत ते?"

काय सांगणार? तीस वर्षांच्या नोकरीत मला लोकांनी हजार प्रश्न विचारले असतील, इतका कठीण कुणी विचारला नाही. मी म्हणालो, "ताई, ते मला ठाऊक नाही. मेलेत असं कुठंही लिहिलेलं नाही, एवढंच सांगू शकतो."

"तेवढं बास झालं," ती म्हणाली, आणि पाटा उचलून आत घेऊन गेली. दुपारी त्यावर तिनं चटणी वाटली, हे मला जमादारांनी सांगितलं.

त्रेसष्ट नंबरचं खातं पुन्हा उभं राहिलं. नव्या कमिटीला वाईट वाटलं होतं. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, तुझी ओढाताण आहे, वारस म्हणून सगळी रक्कम घेऊन जा, आम्ही अडवणार नाही. ती शेणी थापून, लोकांची धुणी धुऊन सासूला सांभाळत होती, खात्यात शंभर रुपये होते, ते तिला केवढे! तिनं विचारलं, "घ्येतलं तर वहीत काय लिवनार?" त्यांना खरं सांगावं लागलं. वारसाला पैसे द्यायचे तर सभासद मयत असं लिहावं लागतं.

"मग ऱ्हाउ द्या," ती म्हणाली आणि बिल्ला घेऊन नळावर गेली.

म्हणजे नाव वहीत राहिलं, आणि पुढच्या सभेला पुन्हा पुकारलं जाणार. आधीच्या दोन सभांत जागा कोरी राहिलेली, मधल्या सभेत 'मयत' म्हणून नाव वाचलंच नव्हतं. ही तिसरी वेळ. यंदा उत्तर आलं नाही तर पैसे राखीव निधीत, आणि माणूस वहीतून कायमचा बाद. चाचा उत्तर द्यायला तयार होते. तिनं नको म्हटलं.

मी मुद्दाम सभेला गेलो. बायका नेहमीसारख्या टाकीच्या भिंतीमागे. तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं गेलं. सगळ्यांना माहीत होतं, माना टाकीच्या भिंतीकडे वळल्या. मग भिंतीच्या बाजूनं ती पुढे आली, पारापर्यंत, पुरुषांच्या मधून. डोक्यावर पदर. तीनशे माणसांसमोर ती म्हणाली, "हायेत."

एकच शब्द. नाव न घेता. नव्या चिटणीसानं लिहून घेतलं, आणि मी पोलिसातला माणूस, मला डोळे पुसावे लागले. पुसले, त्यात काय लपवायचं!

त्यानंतर माझी बदली झाली. या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली, ती मी हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. जबाब घेताना माणूस जिथे गप्प होतो तिथे पेन थांबवू नका, ते गप्प राहणंही लिहा. आणि जो कागद फारच चोख असेल तो घरी नेऊन पुन्हा वाचा. मी त्या बाईवर पहिल्या दिवशी खेकसलो होतो. तिच्या गप्प राहण्यातच सगळा पुरावा होता आणि तो मला जमादारांनी दाखवला.

काही वर्षांनी, लढाई संपून बराच काळ लोटल्यावर, तपासासाठी त्या बाजूला जाणं झालं. चाचांना भेटायला इंजिनघरात गेलो. ते खूप थकले होते. त्यांनी मला कचेरीत नेलं आणि ती वही काढायला लावली. त्रेसष्ट नंबरचं पान. नावासमोर दर वर्षीचं उत्तर लिहिलेलं होतं. पहिली दोन वर्षं कोरी. मग एका वर्षी 'आहेत'. पुढच्या वर्षी 'आहेत'. त्याच्या पुढच्या वर्षी 'आहेत'.

आणि त्याखाली, शेवटच्या ओळीत, 'स्वतः हजर'.